वर्तुळातल्या त्रिकोणाची तिसरी बाजू: ५० की १४?

डिचोलीहून एका आईने विचारलं आहे. मुलगी नववीत आहे. गणित असं: २५ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात एक त्रिकोण, तिन्ही शिरोबिंदू वर्तुळावर, दोन बाजू ३० सेंमी आणि ४० सेंमी. तिसरी बाजू काढा. शिकवणीच्या उत्तरांत ५० दिलं आहे. मुलीला १४ आलं आणि त्यावर लाल फुली पडली. आईला दोन गोष्टी हव्या आहेत: मुलीचं नेमकं चुकलं कुठे, आणि अशा सगळ्या गणितांना लावता येईल अशी एखादी वाट आहे का, कारण दर वेळी नवीनच सूत्र समोर येतं.

मुलीचं चुकलेलं नाही. ५० बरोबर आहे आणि १४ सुद्धा बरोबर आहे. अपुरा आहे तो प्रश्न. सव्वीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवतो आहे, आणि या एका प्रकारात हुशार मुलांच्या वहीवर फुली पडलेली मी इतक्या वेळा पाहिली आहे की उत्तर जरा सविस्तरच देतो.

आधी कागदावर काढून बघा. कंपासमध्ये ५ सेंमी अंतर घ्या आणि वर्तुळ काढा. (२५ चे ५ केले, म्हणजे सगळी मापं पाचपट लहान झाली.) वर्तुळावर कुठेही एक बिंदू घ्या, त्याला अ म्हणा. आता कंपासमध्ये ६ सेंमी घेऊन टोक अ वर रोवा आणि वर्तुळाला छेद द्या. छेद एक नाही, दोन मिळतात: एक डावीकडे, एक उजवीकडे. मग ८ सेंमी घेऊन तेच करा. पुन्हा दोन छेद. आता ब साठी (६ चे छेद) दोन जागा आहेत आणि क साठी (८ चे छेद) दोन. दोन्ही एकाच बाजूचे घेतले तर त्यांच्यातलं अंतर मोजा, २.८ सेंमी भरेल. एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा घेतला तर अंतर बरोबर १० सेंमी, म्हणजे व्यासच. पाचाने गुणा: १४ आणि ५०. दोन्ही त्रिकोणांच्या बाजू ३० आणि ४०, दोन्ही त्याच वर्तुळात. प्रश्नात 'केंद्र त्रिकोणाच्या बाहेर आहे' किंवा 'ब आणि क हे अ मधून जाणाऱ्या व्यासाच्या दोन बाजूंना आहेत' असं एखादं वाक्य असतं तर एकच उत्तर उरलं असतं. ते वाक्य नाही, म्हणून दोन्ही लिहायची.

आता हे कागदावर मोजून नाही तर गणिताने कसं येतं ते. मी मुलांना पहिल्या दिवशी एकच सांगतो: त्रिकोणाकडे बघू नका, वर्तुळाकडे बघा. वर्तुळातल्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू ही आधी एक जीवा आहे, म्हणजे वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारी रेघ. तीन जीवा एकमेकींना टोकाला भेटल्या, म्हणून त्रिकोण दिसतो. आपल्याकडे गोव्यात चौथीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं पाचवीत इंग्रजीत जातात, नववीपर्यंत 'कॉर्ड' एका कप्प्यात आणि 'साइड' दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते, आणि एकाच रेघेची ही दोन नावं आहेत हे कुणी सांगत नाही. घरी तुम्ही जीवा म्हणा. शब्द मराठीत एकदा पक्का झाला की इंग्रजीतला आपोआप जागेवर बसतो.

जीवा म्हटलं की व्यास आठवायला हवा. तुमच्या गणितात अ मधून व्यास काढा, त्याचं दुसरं टोक ड. व्यास ५०. ब हा वर्तुळावर आहे, म्हणून अ-ब-ड मध्ये ब जवळचा कोन काटकोन (अर्धवर्तुळातला कोन). अब ३०, अड ५०, तर बड ४०, हे पायथागोरसने येतं. आता ब मधून व्यासावर लंब टाका. लंबाचा पाय अ पासून किती लांब? त्या अंतराला क्ष म्हणू. लंबाची उंची दोन बाजूंनी लिहिता येते:

३०² − क्ष² = ४०² − (५० − क्ष)²

सोडवा, क्ष = १८ येतं. उंची = √(९०० − ३२४) = √५७६ = २४.

दहावीत समरूप त्रिकोण शिकल्यावर हेच एका ओळीत येतं: पायाचं अंतर = जीवेचा वर्ग ÷ व्यास. ९०० ÷ ५० = १८. ही ओळ मी फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर पुसू देत नाही.

क चंही तेच: १६०० ÷ ५० = ३२, उंची √(१६०० − १०२४) = २४. म्हणजे ब आणि क दोघेही व्यासापासून २४ सेंमीवर, एकाचा पाय १८ वर, दुसऱ्याचा ३२ वर. दोघे व्यासाच्या एकाच बाजूला असले तर ते सारख्या उंचीवर, मधलं अंतर ३२ − १८ = १४. दोघे विरुद्ध बाजूंना असले तर आडवं अंतर १४ आणि उभं २४ + २४ = ४८, तिरकं √(१९६ + २३०४) = √२५०० = ५०. झालं. साइन नाही, कोसाइन नाही. मुलीच्या वहीत बहुधा पहिलीच आकृती असणार, म्हणून १४.

हीच ती वाट. दोन बाजू आणि त्रिज्या दिली की दोन्ही बाजू ज्या शिरोबिंदूत भेटतात तिथून व्यास काढायचा, दोन लंब टाकायचे, आणि दोन टोकांमधलं अंतर पायथागोरसने काढायचं. समद्विभुज त्रिकोणात तर अर्धंच काम. समजा त्याच वर्तुळात दोन्ही बाजू ३० आहेत. दोन्ही लंबांचा पाय १८ वर, उंची २४ इकडे आणि २४ तिकडे, पाया ४८. दोन्ही बाजू ४० असत्या तर पाय ३२ वर, उंची पुन्हा २४, पाया पुन्हा ४८! मुलीला हे दोन्ही त्रिकोण एकाच ४८ च्या पायावर, एक वर आणि एक खाली असे काढायला सांगा. पतंगाचा आकार होतो, उभी काडी ५० ची आणि आडवी ४८ ची. मला स्वतःला ही आकृती फार आवडते. गणेश चवथीच्या आधी एका वर्षी आठवीच्या पोरांनी याच मापाचा मोठा कागदी पतंग करून वर्गात लावला होता, आणि पुढे वर्षभर कुणालाही '३०-४०-५०' पाठ करायला सांगावं लागलं नाही.

दोन उत्तरं कधी येतात ते इथेच बघून घेऊ. दोन्ही जीवा सारख्या असतील तर एकच उत्तर, कारण एका बाजूला घेतल्यावर ब आणि क एकावर एक येतात आणि त्रिकोणच उरत नाही. एक जीवा स्वतः व्यास असेल तरी एकच, कारण तिची उंची शून्य, मग या बाजूला काय आणि त्या बाजूला काय. बाकी प्रत्येक वेळी दोन. काही शिक्षक 'त्रिकोण विशालकोन आहे' एवढं लिहून प्रश्न पक्का झाला असं मानतात. ते पुरत नाही. २५ च्याच वर्तुळात १४ आणि ३० या बाजू घेऊन बघा: विरुद्ध बाजूंना घेतले तर तिसरी ४०, एका बाजूला घेतले तर १७.६, आणि दोन्ही त्रिकोण विशालकोनच आहेत. 'लघुकोन' लिहिलं तर मात्र प्रश्न पक्का होतो, कारण एकाच बाजूला तिन्ही बिंदू आले की ते अर्धवर्तुळात मावतात आणि कोन विशाल होतोच.

आता बाजूंऐवजी कोन दिला असेल तर. इथे केंद्र उपयोगी पडतं. केंद्रापासून जीवेच्या दोन टोकांना त्रिज्या जोडा. मध्ये जो कोन होतो तो समोरच्या शिरोबिंदूतल्या कोनाच्या दुप्पट असतो, हे नववीतलं प्रमेय. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवा निम्मी करतो, तो कोनही निम्मा करतो. काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे त्या कोनाचा साइन. म्हणजे अर्धी जीवा = त्रिज्या × साइन(समोरचा कोन), आणि पूर्ण बाजू = व्यास × साइन(समोरचा कोन). समोरचा कोन ३०° असेल तर बाजू त्रिज्येएवढी, ४५° ला त्रिज्या × √२, ६०° ला त्रिज्या × √३, ९०° ला व्यास. १२०° ला पुन्हा त्रिज्या × √३, कारण जीवा तीच, फक्त शिरोबिंदू लहान कंसावर बसला आहे.

साइन हा शब्द मुलीला परका वाटत असेल तर तिला सांगा की तो आपल्याच घरचा आहे. आपल्या ज्योतिर्गणितात अर्ध्या जीवेला ज्या म्हणत, जीवाही म्हणत. तो शब्द अरबीत गेला, तिथे 'जैब' वाचला गेला, जैब म्हणजे कपड्याची घडी किंवा खळगा, आणि लॅटिन भाषांतरात त्याच अर्थाचा 'सायनस' झाला. त्रिकोणाची बाजू म्हणजे जीवा, हे म्हणणं मी काही नवीन काढलेलं नाही, शब्दातच ते आहे.

ही सूत्रं पाठ करण्यापेक्षा स्वयंपाकघरातलं गोल घड्याळ खाली उतरवा. शेजारच्या दोन अंकांमध्ये केंद्राशी ३०°. दोन तासांच्या अंतरावरचे अंक (१२ आणि २) जोडले की जीवा त्रिज्येएवढी. तीन तास, √२ पट. चार तास, √३ पट. सहा तास, व्यास. १२, २ आणि ६ जोडा: तासांची अंतरं २, ४, ६, कोन ३०°, ६०°, ९०°. अंकांच्या वर्तुळाची त्रिज्या १५ सेंमी असेल तर बाजू १५, २५.९८ आणि ३०. दोऱ्याने मोजून बघू द्या. इथे एक चूक हमखास होते: कोन १:२:३ या प्रमाणात आहेत म्हणून बाजूही १:२:३ धरतात. १ आणि २ मिळून ३ होतात, तर त्रिकोण होणार कसा, तो सपाट पडेल. बाजू कोनांच्या प्रमाणात नसतात, कोनांच्या साइनच्या प्रमाणात असतात. १, √३, २.

समभुज त्रिकोणाचं गणित वेगळं पाठ करायची गरज नाही, १२, ४, ८ जोडले की तो झाला. बाजू = त्रिज्या × √३. पेपरात मुलं √३ ला उगाच दोनाने भागतात. ते दोनाने भागणं व्यास घेतला तर बरोबर आहे, त्रिज्या घेतली तर नाही. आणि वर्तुळ त्रिकोणाच्या आत असेल, म्हणजे बाजू वर्तुळाला बाहेरून स्पर्श करत असतील, तर बाजू = त्रिज्या × २√३, बरोबर दुप्पट. प्रश्न वाचताना कोण कोणाच्या आत आहे एवढं एकदा बोटाने दाखवून घ्या.

आता उलटं गणित, जे पुस्तकात शेवटी येतं आणि कामाला सगळ्यात आधी लागतं: बाजू माहीत आहेत, वर्तुळ केवढं?

फोंड्याकडच्या एका कुळागरात (पोफळीच्या बागेत) आमच्या नात्यातल्यांची जुनी चिरेबंदी विहीर आहे. पोफळीची झावळं पडून पाणी खराब होऊ लागलं म्हणून वर जाळी घालायची ठरली, काठावर तीन लोखंडी पाइप सारख्या अंतरावर उभे करून. मेस्त अनुभवी माणूस. त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: त्रिज्येएवढी दोरी काठावर सहा वेळा टाकली की जिथून निघालो तिथेच परत येतो, आणि एक सोडून एक खूण घेतली की तीन सारखी अंतरं. (घड्याळातल्या दोन तासांची जीवा ती हीच.) अडचण एवढीच की त्रिज्या मोजणार कुठून? विहिरीच्या मध्यावर उभं राहता येत नाही. टेप आरपार धरला तर तो मध्यातून गेला की चार बोटं बाजूने, हे डोळ्याला कळत नाही.

मी काठावर खडूने तीन खुणा केल्या, लांब लांब, पण मापून नाही. दोघांनी टेप ताणून धरला आणि तीन अंतरं मोजली: २.६ मीटर, २.८ मीटर, ३ मीटर. २.८ चा पाया धरला. वरच्या शिरोबिंदूतून लंब टाकला असं समजून, मघासारखंच समीकरण: २.६² − क्ष² = ३² − (२.८ − क्ष)². क्ष = १, उंची = √(६.७६ − १) = २.४. आता आपल्या जुन्या गणिती ब्रह्मगुप्ताचा नियम. त्याने ६२८ सालच्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात सांगितलं आहे की त्रिकोणाच्या दोन बाजूंचा गुणाकार लंबाच्या दुपटीने भागला की परिवर्तुळाची, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाची, त्रिज्या मिळते; तिला तो हृदयरज्जू म्हणतो. २.६ × ३ = ७.८, भागिले ४.८, बरोबर १.६२५ मीटर. जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वीच्या दोरीने आमची विहीर मोजली, आणि कुणाला पाण्यात उतरावं लागलं नाही.

मेस्ताने लगेच दोरी कापायला घेतली, मी थांबवलं. दुसऱ्या तीन खुणा केल्या आणि पुन्हा मोजलं. त्रिज्या दोन बोटांच्या आत तीच आली. हे दुसरं मोजणं कधी सोडू नये: जुनी विहीर गोल दिसते पण एका अंगाला बसलेली असू शकते, आणि तसं असेल तर दर वेळी वेगळी त्रिज्या येईल. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक वर्तुळ नेहमीच जातं, म्हणून पहिल्या मोजणीवरून काहीच खात्री होत नाही.

मग पाइपांमधलं अंतर: १.६२५ × √३, म्हणजे २.८१ मीटर. इथे भास्कराचार्यांचं कोष्टकही चालतं. लीलावतीत (११५०) त्यांनी वर्तुळातल्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या समभुज आकृत्यांसाठी गुणक दिले आहेत. त्रिकोणाचा १०३९२३, व्यासाला त्याने गुणून १२०००० ने भागायचं. त्यांचं स्वतःचं उदाहरण व्यास २००० चं आहे, उत्तर १७३२ आणि एक विसांश. तुमच्या कॅल्क्युलेटरवर १००० × √३ करून बघा, १७३२.०५. आमच्या विहिरीचा व्यास ३.२५, त्याला गुणलं तरी २.८१ च. षट्कोनाचा गुणक ६००००, म्हणजे व्यासाचा निम्मा, मेस्ताची दोरी.

ब्रह्मगुप्ताचा हा नियम उलटा वाचला की तुमच्या मुलीच्या गणितात तो तपासणीला उपयोगी पडतो. तिचा त्रिकोण ३०, ४०, १४. तिन्ही बाजूंचा गुणाकार १६८००. हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ: अर्धपरिमिती ४२, मग √(४२ × १२ × २ × २८) = √२८२२४ = १६८. गुणाकार भागिले चार क्षेत्रफळं, १६८०० ÷ ६७२ = २५. (चार क्षेत्रफळं कुठून आली? क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले लंब भागिले दोन, त्यात ब्रह्मगुप्ताची ओळ घाला, येतं.) त्रिज्या २५ हवी होती, २५ आली. हे वहीत लिहून तिने शिक्षकांना दाखवावं. वाद घालायचा नाही, नुसतं विचारायचं: 'सर, हा त्रिकोणही त्याच वर्तुळात बसतो ना?' जे शिक्षक मनापासून शिकवतात त्यांना हा प्रश्न आवडतो. मला एकदा वाळपईकडच्या एका मुलीने असंच गाठलं होतं, आणि त्या दिवसापासून मी असं गणित फळ्यावर घालताना केंद्र कुठे आहे ते आधी लिहितो.

परीक्षेत मात्र तिने काय करावं हा व्यवहाराचा प्रश्न आहे. दोन्ही आकृत्या काढाव्यात, दोन्ही उत्तरं लिहावीत आणि कुठलं उत्तर कुठल्या आकृतीचं ते एका ओळीत लिहावं. एकच उत्तर हवं असणारा तपासनीसही त्यात आपलं उत्तर शोधून घेईल. आकृती न काढता नुसतं उत्तर लिहिणं हेच या गणितांत खरं धोक्याचं, कारण केंद्र आत की बाहेर हे आकृतीशिवाय दिसतच नाही. घाईत काढलेल्या आकृतीत प्रत्येकजण केंद्र त्रिकोणाच्या आतच ठेवतो, हात सवयीने तसाच जातो.

सरावाला तिला १४ आणि ३० चं गणित द्या, उत्तर सांगू नका. ५ सेंमीच्या वर्तुळात २.८ आणि ६ चे छेद घ्यायला लावा. विरुद्ध बाजूंचं अंतर ८ सेंमी भरायला हवं, आणि एकाच बाजूचं साडेतीनच्या किंचित पुढे. मग लंब टाकून तिने स्वतः ३.५२ काढू दे, पाय ०.७८४ वर आणि ३.६ वर येतील, दशांश चिन्ह सांभाळायला तेवढं सांगा.